वाकून घेतलेलं माप

दुकानाचं काचेचं दार ढकलून तो आत आला, तेव्हा त्याच्या कमरेला वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं.

एका हाताने ते मागून घट्ट धरलेलं. दुसऱ्या हातात चाकांच्या बुटांची जोडी. डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट, अंगात कातडीसारखा चिकटलेला निळा सूट आणि पायात नुसते मोजे... सकाळी साडेदहाला असं ध्यान दुकानात शिरलं तर कुणाचाही हात थांबेल. तिचाही थांबला. ती काउंटरवर शाळेच्या गणवेशाला टाचण्या लावत होती. चार टाचण्या अजून ओठांतच होत्या.

"शिवून मिळेल का? आत्ताच्या आत्ता? पाऊण तासात शर्यत आहे माझी."

"काय शिवायचंय?" तिने टाचण्यांच्या फटीतून विचारलं.

त्याचे कान लाल झाले. तोंडाने काही न सांगता तो वळला आणि वर्तमानपत्र चार बोटं बाजूला केलं. कमरेपासून मांडीपर्यंत सूट फाटला होता, आणि खालची कातडीही चांगलीच सोलवटली होती.

"काढून द्या. मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे."

"काढून... म्हणजे..." तो चाचरला. "आत काही नाहीये. या सुटाच्या आत काही घालत नाहीत."

मागच्या मशीनवर आत्या बसली होती. दुकान आत्याचं. भाची गेली आठ वर्षं तिच्या हाताखाली शिकून आता तिच्या बरोबरीने शिवत होती. तोंडात कायम टाचण्या म्हणून आत्या तिला 'टाचणी' म्हणायची, आणि गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली होती. आत्याने चष्म्याच्या वरून त्या ध्यानाकडे पाहिलं आणि शेजारचा घडी घातलेला पडदा उचलून पुढे केला.

"पडद्याआड जा, अन् हा गुंडाळून बस. गिऱ्हाइकाचा आहे हो. इस्त्री मोडू नकोस."

मोठ्या पिवळ्या फुलांचा पडदा अंगाभोवती लपेटून तो स्टुलावर बसला. हेल्मेट काढायचं त्याला सुचलंच नाही. ती मान खाली घालून शिवत राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

"हसताय?"

"नाही. मशीनची थरथर आहे."

सूट शिवून झाला. तो घालून बाहेर आला, ताठ उभा राहिला. शिवण सुरेख बसली होती, सुरकुती म्हणून नाही. ती मनातल्या मनात स्वतःवर खूश होते ना होते तोच तो म्हणाला, "थांबा हं, बघतो," आणि गुडघे वाकवून खाली झुकला.

टर्रर्र...

आत्याने चष्मा वर सारला.

"हे उभ्या माणसाचं माप झालं," तो अपराध्यासारखा म्हणाला. जसं काही चूक त्याचीच. "आम्ही उभे नसतो ना."

"मग कसे असता?"

"असे."

दुकानाच्या मधोमध, गणवेशांच्या ढिगाशेजारी त्याने पवित्रा घेतला. मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर, पाठ सपाट, एक हात मागे कमरेवर टेकवलेला, नजर पुढे. एवढ्या कळकट जागेत, फाटक्या सुटात, पण त्या क्षणी त्याचं सगळं अवघडलेपण गळून पडलं. ती त्याच्याभोवती फिरली. पाठीवर चहाचा कप ठेवला असता तरी हिंदकळला नसता.

"असं किती वेळ राहायचं?"

"शर्यत संपेपर्यंत."

"दुखत नाही?"

"दुखतं की."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. तिने सुई घेतली, दुहेरी दोरा ओवला आणि गुडघ्यावर बसली. कापड जसं ताणलं गेलं होतं तसंच ताणलेलं ठेवून, त्याच्या अंगावरच, एकेक टाका घालू लागली.

"हलू नका."

"हलत नाहीये."

"श्वास घेताय."

"तेवढा घेऊ द्या ना..."

शेवटचा टाका घालून तिने दोरा दातांनी तोडला. पुढच्या क्षणी तो दाराबाहेर होता. बूट हातात, मोज्यांवर धावत, रस्ता ओलांडून समोरच्या मैदानाच्या फाटकात दिसेनासाही झाला. वर्तमानपत्र मात्र काउंटरवर राहिलं.

"जा," आत्या म्हणाली. "टीप टिकते का बघून ये."

"मला काय करायचंय?"

"तुला नसेल करायचं. मला दिवसभर घोर लागेल."

ती गेली. आठ वर्षं ते मैदान समोर होतं आणि आठ वर्षं तिथून एक आवाज यायचा, कापडाचं अख्खं थान एका दमात फाडावं तसा. तो कशाचा, हे तिने कधी उठून पाहिलं नव्हतं. आता ट्रॅकच्या आतल्या अंगाच्या कठड्याला टेकून तिने पाहिलं. लंबगोल गुळगुळीत ट्रॅक, एक फेरी दोनशे मीटरची, दोन्ही टोकांना वळणं परातीच्या काठासारखी वर उचललेली. आणि त्यावरून सोळाजण एकामागे एक, इतके खेटून, की एकाच लांबलचक प्राण्याला बत्तीस पाय फुटलेत असं वाटावं. डावा, उजवा, डावा, उजवा. सगळ्यांचा झोक एकच. वळण आलं की सगळे एकदम आत कलायचे, उजवा पाय डाव्यावरून टाकत, आणि आतला हात जमिनीला लागेल की काय इतके खाली. जवळून जाताना वाऱ्याचा झोत तिच्या तोंडावर आला. केस उडाले. मग तो आवाज. हाच होता तो!

घंटा वाजली. रांग रेषेवरून सुसाट गेली आणि सगळ्यात मागचा मुलगा कपाळावर हात मारत बाहेर वळला.

"त्याला काय झालं?" तिने शेजारच्या बाईंना विचारलं. पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ.

"बाद. या शर्यतीत पहिलं येण्याची घाई नसते, शेवटचं न येण्याची असते. दर दोन फेऱ्यांनी घंटा, आणि घंटेला जो रेषा शेवटी ओलांडेल तो घरी. उरलेल्यांत पुन्हा तेच." बाईंनी डोळे ट्रॅकवरून न हलवता सांगितलं. त्या प्रशिक्षक होत्या. मुलं त्यांना समोर मॅडम आणि मागे शिट्टी मॅडम म्हणायची. "आता तो निळा बघा. आमचं शेपूट."

"शेपूट?"

"कायम रांगेच्या टोकाला. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवतो, दम राखतो, आणि घंटा झाली की कुणातरी एकाच्या अर्धं चाक पुढे. अर्धंच हं! बघणाऱ्याचा जीव जातो."

खरंच गेला. दर घंटेला तिची नखं कठड्यात रुतत. दर घंटेला तो निळा सूट शेवटच्या दहा पावलांत बाहेरच्या बाजूने सुटायचा, पाय लांबवून चाक पुढे सारायचा, आणि वाचायचा. तिने टाके पाहायचं ठरवलं होतं. पण टाके कुठले दिसायला... तिला दिसत होती ती फक्त ती पाठ. दुकानात होती तशीच, सपाट, शांत. माणसाचं सगळं अंग आकांत करत असताना पाठ एवढी शांत कशी राहू शकते?

तो तिसरा आला. धापा टाकत कठड्याशी घसरत आला आणि तिला बघून उजळला.

"टिकली!"

"काय?"

"टीप!"

शिट्टी मॅडमनी त्याला गर्रकन वळवलं, वाकायला लावलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि तिच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही शिवलंत? वाकलेल्या मापावर? आमच्या क्लबचे सात सूट शिवाल?"

---

सात सुटांची मापं घ्यायला ती सकाळी साडेसहाला ट्रॅकवर जाऊ लागली. मापं एका सकाळीत संपली असती. पण वाकलेल्या माणसाचं माप कसं धरायचं, कापड कुठे सैल सोडायचं, बाहीचा मुंढा कुठून फिरवायचा, हे नुसत्या टेपने कळेना. बघायलाच हवं होतं. निदान आत्याला तिने तसं सांगितलं.

त्याच्याकडून तिला हळूहळू सगळं कळत गेलं. बूट घोट्याच्याही खाली संपतो आणि पायाच्या साच्यावरूनच घडवतात. एकेक चाक बशीएवढं, एका ओळीत तीन किंवा चार. ब्रेक नसतो.

"नसतो?" तिला खरंच वाटेना. "मग थांबता कसे?"

"वेग संपेपर्यंत वाट बघायची. किंवा पडायचं."

"आणि हे तुम्ही पोटासाठी करता?"

"छे! पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतो."

ती खळखळून हसली. "दिवसभर वर-खाली, सकाळ-संध्याकाळ गोल-गोल. सरळ कधी चालता?"

"तुमच्या दुकानाकडे येताना," तो म्हणाला. आणि मग आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन घाईघाईने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

त्याचा सूट तिने सगळ्यात आधी शिवला. तो बघायला आला आणि म्हणाला, दंडाला घट्ट होतोय. तिने उसवून पुन्हा शिवला. दोन दिवसांनी परत आला. अजून जरासा घट्ट वाटतोय. तिने पुन्हा उसवला. तिसऱ्यांदा तो दारात दिसला तेव्हा आत्याने मशीन थांबवलं.

"हे बघ बाबा, आणखी एकदा उसवलं तर कापड जाईल. तुला नुसतं बसायला यायचं असेल तर ये. स्टूल आहे."

तो स्टुलावर बसला. ती दोऱ्याची गुंडी शोधत टेबलाखाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

एका सकाळी सराव निम्मा झाला होता आणि आकाश भरून आलं. दोन थेंब पडले तशी शिट्टी वाजली. ओल्या ट्रॅकवर चाकं धरत नाहीत, पाऊस म्हणजे सुट्टी. सगळे पांगले. ती पिशवी डोक्यावर धरून पळाली आणि दुकानाच्या छपराखाली येऊन उभी राहिली, तर तो आधीच तिथे! मोज्यांवर, बूट छातीशी कवटाळून. मुलाला पावसापासून जपावं तसे.

"आत्या अजून आल्या नाहीत. कुलूप आहे," तो म्हणाला.

"किल्ली आहे माझ्याकडे."

पण तिने किल्ली काढली नाही. छपराच्या काठावरून पाण्याची झालर लोंबत होती. समोरचा ट्रॅक ओला होऊन आरशासारखा चमकत होता, आणि दोघांच्या मध्ये फक्त त्या बुटांएवढं अंतर होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मागेच का राहता तुम्ही? पुढे गेलात तर कुणी बाद करू शकणार नाही."

"पुढे वारा असतो. सगळा वारा पुढच्याला एकट्याला कापावा लागतो, मागचे मजेत. आणि..." तो थांबला. "मागे राहिलं की सगळे दिसतात. पुढे गेलं की मागे कोण आहे, किती जवळ आहे, काही कळत नाही. भीती वाटते. असं कुणाला सांगितलं नाही हं आजवर."

"मी नाही सांगणार, अहो..."

"ते 'अहो' नको. ट्रॅकवर सगळे शेपूट म्हणतात मला."

"मी शेपूट नाही म्हणणार."

"मग?"

पाऊस जरासा वाढला. तिने हात बाहेर काढून ओंजळीत पाणी धरलं आणि पाण्याकडेच बघत म्हणाली, "तू म्हणेन."

 त्याने बूट पलीकडच्या काखेत घेतले, आणि दोघांमधलं अंतर तेवढ्याने कमी झालं.

---

महिनाभरावर मोठी स्पर्धा आली होती. पहिल्या दोघांना राष्ट्रीय संघाच्या शिबिरात जागा. शिबिर दूरच्या शहरात, आठ महिन्यांचं. शिट्टी मॅडमनी हे तिला कापड निवडता निवडता सांगितलं. "अठ्ठावीस पूर्ण झालेत त्याला. पुढच्या वर्षी विशीतली पोरं त्याला विचारणार नाहीत. आता नाही तर कधीच नाही."

"जाईल ना तो?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवून.

"पाय आहेत, दम आहे. काहीतरी आहे जे शेवटच्या चार-पाचांत त्याला खातं. अर्ध्या चाकाने वाचतो आणि एक दिवस अर्ध्या चाकानेच जातो. काय ते मला सापडत नाही."

ते तिला सापडलं. त्याच संध्याकाळी.

त्याचा जुना, फाटलेला सूट तिने नमुन्यासाठी ठेवून घेतला होता. उसवून एकेक तुकडा टेबलावर मांडत होती. कपडा माणसाबद्दल बरंच काही बोलतो. कुणाची कोपरं झिजलेली असतात, कुणाचा एक खिसा. या सुटाच्या कॉलरचा उजवा कोपरा हनुवटी घासून खरखरीत झाला होता, आणि डाव्या खांद्यावरची शिवण ताणून विरली होती. कॉलरचा डावा कोपरा आणि उजवा खांदा मात्र कोरे करकरीत.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या जागी न बसता ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या पायरीवर जाऊन बसली. आणि मोजलं. तीस फेऱ्यांत एक्केचाळीस वेळा तो मागे बघत होता. मान वळवून नाही, तसं कुणालाही कळलं असतं. हनुवटी फक्त उजव्या खांद्यात खुपसायचा, बोटभर, क्षणभर. मॅडम ट्रॅकच्या आत उभ्या राहायच्या, त्यांना त्याची डावी बाजू दिसायची. हे दिसणं शक्यच नव्हतं. पण दर वेळी त्याचा डावा खांदा ओढला जायचा, पुढचं पाऊल आखूड पडायचं. किती आखूड? अर्धं चाक.

ती पायऱ्या उतरून खाली आली. तो कठड्याशी पाणी पीत होता. "आज एवढ्या वर? काय बघत होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "शिवण."

त्यानंतरचे तीन आठवडे तिला नीट गेले नाहीत. सांगायचं, म्हणून ती रोज सकाळी निघे. आणि त्याचं हसणं दिसलं की न सांगताच परत फिरे. सांगितलं तर तो जिंकेल. जिंकला तर जाईल. आठ महिने तिकडे, नवी माणसं, नवा ट्रॅक... मग इकडच्या एका शिलाईच्या दुकानातलं स्टूल त्याला कशाला आठवेल? नाही सांगितलं तर? तर तो इथेच. लिफ्ट दुरुस्त करील, सरळ चालत दुकानात येईल. तिला स्वतःची लाज वाटायची. रात्री वाटायची, सकाळी पुन्हा गप्प.

त्या दिवसांत तिने तीन गणवेशांच्या बाह्या उलट्या जोडल्या.

"टाचणे," आत्या म्हणाली, "जे काय गिळलंयस ते एकदा थुंकून टाक. टाचणी असेल तर टोचत राहील."

स्पर्धेच्या आदल्या दुपारी तो शेवटचं माप द्यायला आला. नवा सूट गडद लाल होता, खांद्यांपासून कमरेपर्यंत एकही आडवी शिवण नसलेला. त्याने पवित्रा घेतला. कापड अंगावर पाण्यासारखं बसलं. ती त्याच्याभोवती फिरली, एकदा, दोनदा. आणि तिला तो पहिला दिवस दिसला नाही की पाऊस दिसला नाही. दिसलं एवढंच, की हा माणूस रोज पहाटे उठून, 'दुखतं की' असं म्हणून, दहा वर्षं इतकं खाली वाकत आलाय. आणि आपण त्याच्याकडून एक बोटभर गोष्ट लपवतोय.

"उजवीकडे बघू नकोस," ती म्हणाली.

"कुठे बघतोय?"

"ट्रॅकवर. एक्केचाळीस वेळा बघतोस."

आणि तिने सगळं सांगितलं. कॉलर दाखवली, विरलेली शिवण दाखवली. तो तसाच वाकलेला ऐकत राहिला. मग सावकाश सरळ झाला आणि त्या खरखरीत कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसला.

"दहा वर्षांत कुणाला दिसलं नाही हे."

"ते तुला बघत होते. मी कपडे बघत होते."

"नुसते कपडे?"

 तिने टाचण्यांची डबी उघडून दोन टाचण्या ओठांत धरल्या. तोंड बंद ठेवायला तेवढा आधार पुरे होता.

---

स्पर्धेच्या दिवशी ऊन लख्ख होतं. आत्याने दुकानाला कुलूप लावलं. अकरा वर्षांत लग्नमुंजीखेरीज पहिल्यांदा. दोघी बाहेरच्या अंगाला, वरच्या पायरीवर बसल्या.

वीसजण निघाले. पन्नास फेऱ्या. लाल सूट नेहमीसारखा शेपटाला. पहिल्या घंटेला वाचला. दुसऱ्या घंटेला वाचला. तिसऱ्या घंटेआधी तिने पाहिलं, त्याची हनुवटी हलली, खांद्याकडे निघाली, आणि... मध्येच थांबली. परत पुढे.

"काय झालं गं?" आत्याने विचारलं. कारण तिने आत्याचा हात पिळून काढला होता.

"काही नाही. बघ फक्त."

मग ते दिसायला लागलं. प्रत्येक पाऊल पुरं पडत होतं. उजवा पाय बाहेर ढकलला जायचा तो शेवटच्या बोटापर्यंत, चाकं सरकन आत यायची, पुन्हा बाहेर. अंग खाली, डोकं स्थिर, आणि त्याच्या वरून वारा निसटून जात होता. घंटा होत गेल्या. चौदा उरले, दहा, सात. पाच उरले तेव्हा वळणावर निळ्या सुटातला दुसराच एक मुलगा आतून घुसला, खांद्याला खांदा लागला, लाल सूट डगमगला; त्याने हात टेकवला, बोटं ट्रॅकवरून घासत गेली, आणि तो पुन्हा वर आला. सबंध मैदानाने श्वास सोडला.

आणि मग त्याने ते केलं, जे त्याने दहा वर्षांत केलं नव्हतं. सहा फेऱ्या बाकी असताना तो रांगेतून बाहेर पडला आणि पुढे गेला. सगळ्यांच्या पुढे! सगळा वारा एकट्याने अंगावर घेत. मागे कोण आहे, किती जवळ आहे, काही न कळता. ती उभी राहिली.  डोळ्यांतून पाणी वाहत होतं. असं काही आपण कधी पाहिलं नव्हतं, असं तिला वाटलं. माणूस भितो, आणि भीत भीत इतका सुंदर होतो!

शेवटच्या वळणावर एक विशीतला पोरगा त्याच्या आडोशातून सुटला आणि चाकभर पुढे गेला. लाल सूट दुसरा आला. दुसरा!

शिट्टी मॅडम शिट्टी वाजवायची सोडून लहान मुलीसारख्या उड्या मारत होत्या.

सगळं आटोपल्यावर, पदक गळ्यात आणि बोटांना पट्ट्या बांधलेला तो पायऱ्या चढून वर आला. आत्याला एकाएकी दुकानाचं कुलूप नीट लागलंय का ते बघायचं आठवलं, आणि ती निघून गेली.

"झालं!" तो म्हणाला. "तुझ्यामुळे झालं."

"असं नको म्हणूस."

"का? खरंच..."

"मला तीन आठवडे माहीत होतं." तिने एका दमात सांगून टाकलं. "तीन आठवडे. मोजून आले होते, आणि तुला सांगितलं नाही. काल सांगितलं. कालही सांगितलं नसतं कदाचित."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "का?"

"तू गेला असतास."

खाली कुणीतरी खुर्च्या आवरत होतं; लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. तो पायरीवर बसला.  ती उभीच. जायला हवं हे कळत होतं, पाय निघत नव्हते.

"म्हणजे मला हरवायचा बेत होता," तो म्हणाला.

"हो."

"मी इथे राहावं म्हणून."

"...हो."

"तीन आठवडे."

"रागावलास?"

"खूप."

"किती?"

त्याने वर पाहिलं. डोळे लाल होते, घामाने की कशाने कोण जाणे. "इतका, की आठ महिने रोज फोन करून भांडणार आहे. खाडा नाही. रोज." आणि मग त्याने पट्ट्या बांधलेला हात पुढे केला, तळवा वर करून. पुढे केला आणि तसाच ठेवला. घेतलास तर घे, अशा बेताने.

तिने तो दोन्ही हातांत घेतला. तिची बोटं सुयांनी टोचलेली, त्याची ट्रॅकने सोललेली; धड एकही नव्हतं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"आत्ता नाही."

चार दिवसांनी तो गेला.  निरोपाच्या वेळी फक्त आत्याच बोलली, तेही दोरे, बटणं आणि वेळेवर जेवण याबद्दल.

पहिला फोन दुसऱ्याच दुपारी आला. दोन सरावांच्या मधली विश्रांती होती त्याची. आवाज पार खोल गेलेला.

"भांड," ती म्हणाली. "तयार आहे मी."

"आज ताकद नाही गं. शंभर फेऱ्या झाल्यात, संध्याकाळी अजून शंभर. तू मशीन चालव. मी नुसता ऐकतो."

तिने फोन टेबलावर कापडाच्या तागाला टेकवून ठेवला आणि पायडलवर पाय दिला. एका मोठ्या चादरीची लांब, सरळ टीप होती. मशीन एका लयीत चालू राहिलं. अधूनमधून ती थांबायची, तेव्हा पलीकडून त्याचा श्वास ऐकू यायचा. आधी जोरजोरात, मग संथ. टीप संपली. आत्या जेवायला घरी गेली होती. दुकानात कुणी नव्हतं.

"झोपलास?" तिने हळूच विचारलं.

उत्तर आलं नाही.

ती फोनजवळ वाकली. तोंडात टाचणी नाही ना, हे बोटाने चाचपून पाहिलं, आणि इतक्या दिवसांत एकदाही सरळ शब्दांत न सांगितलेलं, अगदी कुजबुजत, सांगून टाकलं.

"मला तू फार आवडतोस."

पलीकडे उशी सरकल्यासारखं काहीतरी वाजलं.

"ऐकलं," तो म्हणाला.